अपूर्णतेचा दाखला

२ मार्च

धाकट्या,

आधी आनंदाची बातमी, मग तुझे कान उपटते.

यादी झाली! काल दुपारी साडेतीनला शेवटच्या पानावर सही केली, शिक्का मारला, आणि आमच्या खाडाखोडरावांनी चक्क टाळ्या वाजवल्या. खाडाखोडराव म्हणजे माझे कारकून, प्रत्येक ओळ एकदा चुकवून मगच बरोबर लिहिणारे. खोलीत आम्ही दोघंच होतो, तरी वाजवल्या. नऊ हजार चारशे बारा मतदार, दारोदार जाऊन, माणूस डोळ्यांनी बघून लिहिलेले. जुन्या यादीत साडेसहा हजार होते. त्यातले चारशे केव्हाच वारले होते आणि तरी दर निवडणुकीला इमानेइतबारे मत देऊन जात होते.

वाढ कुठून आली हे तुला सांगायला नको. काचकारखान्याच्या बराकी. दोन हजार सातशे शहाऐंशी माणसं. जुन्या राजवटीत त्यांच्या नावापुढं ‘हंगामी’ असा शेरा मारायचे, आणि हंगामी माणसाला मत नसतं. एकतीस वर्षं ती भट्टी एक दिवस विझलेली नाही, आणि तिच्यापुढं घाम गाळणारी माणसं म्हणे हंगामी! सहा नंबरच्या बराकीत एक मावशी आहेत, बाटल्यांभोवती पेंढा गुंडाळायचं काम करतात. मी वही उघडली तर म्हणाल्या, “बाई, पेन्सिलीनं लिहिताय की शाईनं?” शाईनं म्हटल्यावर स्टूल पुढं केलं. “मग बसा. मागचा साहेब पेन्सिलवाला होता.”

आता कान. तीन आठवडे तुझं पत्र नाही. सुधारणा समितीचा चिटणीस झालास म्हणून बहिणीला चार ओळी लिहायलाही ठराव लागतो का? तुरुंगात होतास तेव्हा दर पंधरवड्याला पत्र यायचं, तेही अधिकाऱ्यांनी अर्धं काळं करून. आता कुणी काळं करत नाही तर तू लिहितच नाहीस.

निवडणुकीचा कायदा कधी मंजूर होतोय ते कळव. यादी छापखान्यात टाकायला माझे हात शिवशिवताहेत.

तुझी ताई

*

६ मार्च

ताई,

नमस्कार. वाकून केलाय असं समज, इथं वाकायला जागा नाही. समितीला दिलेली खोली म्हणजे पूर्वीचं टपालाचं भांडार. एवढं मोठं टेबल मिळेना म्हणून दोन टेबलं जोडलीत. एका टेबलाशी आम्ही, दुसऱ्याशी ते. मधल्या फटीत सगळ्यांच्या पेन्सिली पडतात, आणि पेन्सिल काढायला दोन्ही बाजूंनी एकदम वाकलं की डोकी आपटतात. आतापर्यंत दोन्ही पक्षांत एकमत झालंय ते तेवढ्याच बाबतीत.

आमच्या बाजूला मास्तर आहेत. ते शाळेत गणित शिकवायचे, माझ्या शेजारच्या कोठडीत होते, आणि आजही हिशेब चुकला की आमच्यावर खडू फेकायला हात उचलतात. समोर वकीलसाहेब. तीस वर्षं राज्य केलेला पक्ष त्यांच्या खिशात आहे. आवाज असा मऊ की ‘नाही’ म्हटलं तरी आभार मानावेसे वाटतात. जुने अध्यक्ष गेले खरे, पण फौजेतले अधिकारी अजून वकीलसाहेबांचाच फोन आधी उचलतात. हे विसरून इथं कोणालाच बोलता येत नाही.

यादीबद्दल अभिनंदन. खरंच. असं काम देशात दुसऱ्या कुठल्याही कार्यालयात झालं नसेल. पण एक विनंती आहे: छापखान्यात इतक्यात देऊ नकोस. आणि ‘पूर्ण झाली’ म्हणतेस ते नक्की किती पूर्ण? दुरुस्त्या, राहिलेली घरं, काहीतरी बाकी असेलच ना? जरा सावकाश घे. दोन वर्षं तू रविवारसुद्धा सोडलेला नाहीस.

तुझा धाकटा

*

९ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा अक्षर तुझंच आहे ना ते बघितलं आणि तिसऱ्यांदा चष्मा पुसला.

मला ‘सावकाश घे’ म्हणणारा तू? लहानपणी मी तुझ्या बुटांची नाडी बांधत असताना तू धावायला सुटायचास. खरं सांग, तुला कोणी धमकावतंय का? त्या मऊ आवाजाच्या वकिलानं काही म्हटलंय का? तसं असेल तर नुसतं लिही की ‘हवा बरी नाही’. मी मिळेल त्या गाडीनं तिथं येऊन बसेन, तुमच्या त्या फटीवर खुर्ची टाकून.

किती पूर्ण विचारतोस, तर ऐक. एक घर राहिलं होतं, पाणीपुरवठ्याच्या टाकीमागचं. तिथला म्हातारा दार उघडत नव्हता. खाडाखोडराव सात वेळा गेले. आठव्या वेळी त्यानं खिडकीतून विचारलं, “सरकार बदललं म्हणतात ते खरं का?” खरं म्हटल्यावर म्हणाला, “मग उद्या या, दाढी करून बसतो.” दुसऱ्या दिवशी दाढी करून, कोट घालून बसला होता. तो क्रमांक नऊ हजार चारशे बारा. त्याच्यानंतर कोणी राहिलेलं नाही.

तू तब्येत सांभाळ. कोणाला घाबरायचं कारण नाही, ते दिवस गेले.

ताई

*

१३ मार्च

ताई,

हवा बरी आहे. मला कोणी धमकावलेलं नाही. तुला अंधारात ठेवून मलाच झोप येईना, म्हणून आता सरळ लिहितो.

सौदा ठरत आला आहे. आजवर न्यायाधीश सत्ताधारी पक्ष नेमायचा आणि वाटेल तेव्हा काढायचा. वकीलसाहेबांचा पक्ष हा अधिकार सोडायला तयार आहे. स्वतंत्र न्यायमंडळ, सात वर्षांची मुदत, मध्ये कोणी हात लावायचा नाही. ताई, मला शिक्षा झाली तेव्हा न्यायाधीशांनी निकाल वाचण्याआधी घड्याळाकडं बघितलं होतं, आठवतं? तू मागच्या बाकावर होतीस. तसा न्यायाधीश या देशात पुन्हा बसणार नाही. आमच्या पिढीला एवढं एकच मिळालं तरी खूप झालं.

बदल्यात त्यांना एक गोष्ट हवी आहे. पहिली निवडणूक जुन्या यादीवर. फक्त पहिली. नव्या याद्या दुसऱ्या निवडणुकीला, चार वर्षांनी. बराकीतली माणसं एकतीस वर्षं थांबली, आणखी चार वर्षं थांबतील. हे वाक्य लिहिताना मला आनंद होत नाही.

कायद्यानं नवी यादी बाजूला ठेवायची तर ती ‘अपूर्ण’ आहे असा दाखला प्रत्येक नोंदणी अधिकाऱ्यानं द्यायला हवा, पंचवीस तारखेच्या आत. इतर कार्यालयांची अडचण नाही, त्यांच्या याद्या खरंच अर्धवट आहेत. पूर्ण आहे ती एकटी तुझी. तुला खोटं लिहावं लागू नये म्हणून दाखल्याच्या मजकुरावर खूप विचार झालाय. सोबत मसुदा पाठवतो, बघ. त्यात तुझ्या कामावर डाग लागेल असं काहीच नाही. अधिकृत प्रत सतरा तारखेला निघेल. तू एकदम दचकू नयेस म्हणून आधीच पाठवतोय.

सही कर, ताई. माझ्यासाठी नको करूस, पण न्यायालयांसाठी कर.

तुझा धाकटा

*

१५ मार्च

धाकट्या,

दाखला मिळाला. ‘सदर यादीचे नियमानुसार जाहीर वाचन झालेले नसल्याने ती अपूर्ण आहे.’ वा! खोटं एक अक्षर नाही. मजकुरावर खूप विचार झालाय, असं तू लिहितोस. कोणी केला ते मात्र लिहीत नाहीस. गडबडीत टंकलेली प्रत पाठवायची सोडून तू हातानं लिहिलेला, खाडाखोडीचा कच्चा कागद पाठवलास, बाळा. ते ‘ळ’ मी तुला पाटीवर गिरवायला शिकवलंय. अजूनही शेपूट वर नेतोस.

मला वाटत होतं तुझ्या मानेवर कोणीतरी बसलंय. कोणी बसलं नव्हतं. मी तिकडं येऊन तुला वाचवायच्या गोष्टी करत होते आणि तू तिथं बसून माझ्या यादीचा गळा आवळायला दोरी वळत होतास, तीही मऊ, मला टोचू नये म्हणून. फार राग आलाय मला. कालपासून घरात भांडी आपटतेय.

चार वर्षं थांबतील, म्हणतोस. हे तू त्या मावशींसमोर उभं राहून म्हणून दाखव. सांग त्यांना की बाई, शाईनं लिहिलं होतं पण आम्ही पुसतोय, कारण आम्हाला चांगले न्यायाधीश हवेत. त्या विचारतील, न्यायाधीश कोणासाठी? काय सांगशील? ज्यांची नावं यादीत आहेत त्यांच्यासाठी? आणि पहिल्या निवडणुकीत जुनाच पक्ष जुन्याच मेलेल्या मतदारांच्या जिवावर निवडून आला, तर दुसरी निवडणूक नव्या यादीवर घ्यायची की नाही हे ठरवणार कोण? मास्तर गणिताचे ना? त्यांना एवढी बेरीज येत नाही?

आता ऐक. मी नियमावली काढली. जाहीर वाचनाचा नियम आहे, जुनाच आहे. तीस वर्षांत कोणी पाळला नाही. दारावर ‘वाचन झाले’ असा कागद चिकटवायचे आणि कुलूप लावून जेवायला जायचे. मीसुद्धा नवी असताना तो कागद चिकटवलाय, लपवत नाही. नियम असा: तीन दिवस आधी जाहीर सूचना. मग मुख्य अधिकाऱ्यानं स्वतः, उघड्यावर, दिवसाउजेडी, पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक नाव मोठ्यानं वाचायचं. प्रत्येक नावाला त्या माणसानं किंवा ओळखीच्या कोणी ‘आहे’ म्हणायचं. असं वाचन झालं की यादी पूर्ण, आणि मग ती बाजूला सारायला समिती पुरत नाही.

सूचना आज सकाळी नऊ वाजता लावली. कार्यालयाच्या दारावर, बाजारात आणि कारखान्याच्या फाटकावर. एकोणीस, वीस आणि एकवीसला वाचन. सतराला निघणारी सरकारी प्रत हातात पडल्यावर मी सुरुवात केली असती तर पंचवीसच्या आत वाचन संपलं नसतं. तू मायेनं चार दिवस आधी पाठवलास म्हणून जमतंय. त्याबद्दल आभार, मनापासून.

ताई

*

१७ मार्च, सकाळी

ताई,

करू नकोस. हात जोडतो.

तुला वाटतं तेवढं हे सोपं नाही. एका गावाची यादी पूर्ण झाली तर वकीलसाहेब उठून जातील, त्यांनी तसं आजच मास्तरांना ऐकवलं. ते उठले की न्यायमंडळ गेलं, आणि मग फौजेतले लोक काय करतील ते कोणीच सांगू शकत नाही. तुला निलंबित करतील. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. मी चिटणीस आहे, पण मला ते थांबवता येणार नाही.

शिवाय माणसं येणार नाहीत. कारखाना सोडून तीन दिवस कोण उभं राहील? निम्म्या नावांना ‘आहे’ म्हणायला कोणी नसेल आणि तुझीच फजिती होईल. यादी त्याच नियमानं अपूर्ण ठरेल, आणि सगळ्या गावासमोर.

सूचना काढून घे. आजारी आहे म्हण, घसा बसलाय म्हण. मी बाकीचं सांभाळतो.

धाकटा

*

२२ मार्च

धाकट्या,

घसा खरंच बसलाय. घरात खुणांनी बोलते. पण हात शाबूत आहे, म्हणून लिहिते.

एकोणीसला सकाळी आठ वाजता मी कार्यालयाच्या वरच्या पायरीवर उभी राहिले. खाडाखोडरावांनी टेबल बाहेर काढून दिलं आणि पाण्याचा तांब्या ठेवला. समोर किती माणसं, तर नऊ. त्यात दोन वाट चुकलेली. तुझं पत्र खिशात होतं आणि मनात म्हटलं, धाकटा बरोबर बोलला. तांब्यातलं घोटभर पाणी प्यायले. पण पहिलं नाव वाचलं. बाजारातला लोहार. तो तिथंच होता. नुसता बघत राहिला. खाडाखोडराव ओरडले, “अहो, आहे म्हणा!” “आहे,” तो म्हणाला, इतका लाजून की सगळे हसले.

दहा वाजेपर्यंत चारशे माणसं जमली. हाक मारली की माणूस हात वर करायचा. कोणी नसेल तर शेजारी म्हणायचा, “आहे, आहे, दळायला गेलीय.” एका नवराबायकोचं भांडण चालू होतं, ती त्याच्या नावाला उत्तरच देईना. मी तीनदा वाचलं. शेवटी म्हणाली, “आहे एकदाचा.”

दुपारी मोटार आली. तुमच्या समितीकडून एक तरुण अधिकारी, हातात अधिकृत दाखला. मी वाचत राहिले. त्यानं तो कागद माझ्या यादीवर ठेवला. मी उचलून बाजूला ठेवला, वर तांब्या ठेवला आणि पुढचं नाव वाचलं. नियमात लिहिलंय की वाचन मध्ये थांबलं तर पहिल्यापासून करावं लागतं. दोन हजार नावं पुन्हा वाचायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी बराकी. सकाळची पाळी सुटून माणसं तशीच आली, कपाळावरचे जाड चष्मे तसेच, बायकांच्या केसांत पेंढा. मुकादमानं फाटक लावून घेतलं होतं. भट्टी सोडून गेलात तर हजेरी कापीन म्हणाला. तेव्हा त्यांनी पाळ्या लावल्या. एक नंबर बराकीची नावं चालू असताना दोन नंबरवाले भट्टी सांभाळत होते, मग अदलाबदल. मला कोणी विचारलं नाही, मी कोणाला सांगितलं नाही. दोन हजार सातशे शहाऐंशी नावं वाचली धाकट्या, आणि एकही नाव उत्तराशिवाय राहिलं नाही. काही जण तर जागच्या जागी ‘आहे’ म्हणायचं सोडून गर्दीतून वाट काढत पायरीपर्यंत येऊन म्हणत होते. मावशींचं नाव आलं तेव्हा त्या काही बोलल्याच नाहीत. मी वर बघितलं. मग त्यांनी दोन्ही हात वर केले. मी ते ‘आहे’ धरलं. कोणाला हरकत असेल तर घ्यावी.

तिसऱ्या दिवशी आपली गल्ली. आठ हजार एकशे चौदा. तुझं नाव.

घर मोजताना खाडाखोडरावांनी तुला लिहिलं होतं, ‘कामानिमित्त परगावी’ म्हणून. नियमाप्रमाणं, वाचणाऱ्याच्या नात्यातलं नाव आलं तर त्यानं ते वाचायचं, पण उत्तर नात्याबाहेरच्या माणसानं द्यायचं. मी वाचलं आणि थांबले. धाकट्या, त्या दाखल्याचं परिशिष्ट मी आदल्या दिवशी वाचलं होतं. जुन्या यादीत खास बाब म्हणून घालायची अकरा नावं. तुरुंगात गेल्यामुळं ज्यांची नावं कापली गेली होती ते समितीचे सदस्य आणि कर्मचारी. अकरावा तू. बराकींना चार वर्षं थांबायला सांगितलंस आणि स्वतःची सोय तेवढी लावून घेतलीस. हे मला लिहायला विसरलास. त्यामुळं मी थांबले ती नियमासाठी, पण खरं सांगते, त्या क्षणी कोणी उत्तर दिलं नसतं तर मला वाईट वाटलं असतं असं नाही.

गल्लीतली माणसं इकडंतिकडं बघत होती. तू समितीत काय ठरवतोयस ते तोवर सगळ्यांना कळलेलं होतं. मग मागून आवाज आला, “आहे! तुरुंगात होता तो, आमच्याच गावचा आहे.” मावशी. त्यांचं नाव आदल्या दिवशीच झालं होतं, त्यांना यायचं काही कारणच नव्हतं. पाळी सुटून आल्या होत्या. मी विचारलं, “तुम्हाला माहीत आहे ना तो काय करतोय?” नियमात नव्हतं, तरी विचारलं. त्या म्हणाल्या, “तुम्ही विचारलंत, आहे का. मी सांगितलं, आहे. बाकीचं त्याचं त्यानं बघावं.”

संध्याकाळी साडेपाचला टाकीमागच्या म्हाताऱ्यानं कोटाची बटणं लावून शेवटचं ‘आहे’ म्हटलं. सहाला मला निलंबनाचा कागद मिळाला. किल्ल्या दिल्या, खाडाखोडराव रडले, मी नाही.

आता एक गोष्ट तू शोधून काढशीलच, त्यापेक्षा मीच सांगते. वाचन रद्द करायचा एक रस्ता आहे. वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या नातेवाइकाच्या नावाला हरकत आली, तर सगळं वाचन बाद होतं, म्हणजे पंचवीसच्या आत ते झालंच नव्हतं असं धरतात, आणि दुसऱ्या अधिकाऱ्यानं पहिल्यापासून करायचं. अशी हरकत इतर कोणालाच घेता येत नाही, फक्त त्या नातेवाइकाला. अठ्ठावीस तारखेपर्यंत, अर्ज नमुना नऊ. ‘मी त्या गावचा रहिवासी नाही’ एवढं एक वाक्य आणि तुझी सही. नऊ हजार चारशे बारा माणसं एका सहीनं पुसता येतील. तसं तू गेली तीन वर्षं राजधानीत राहतोस, म्हणजे वाक्य अगदीच खोटंही होणार नाही. तुमच्या दाखल्यासारखंच.

मी तुला विनवणार नाही. मी वाचलं, त्यांनी उत्तर दिलं. आता तू काय करायचं ते तू ठरव.

ताई

*

२९ मार्च

ताई,

तुझं पत्र चोवीसला मिळालं. उत्तर द्यायला पाच दिवस लागले, कारण आधी ते उत्तर इथं द्यायचं होतं.

तू सांगायच्या आधीच त्यांनी रस्ता शोधला होता. सव्वीसला बैठक सुरू झाली आणि वकीलसाहेबांनी नमुना नऊ माझ्यापुढं सरकवला, फटीवरून अलगद उचलून. भरलेला, फक्त सही बाकी. स्वतःचं पेनसुद्धा दिलं. म्हणाले, “तुम्ही समजूतदार आहात.” मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “एक सही कर पोरा. न्यायमंडळ आज मंजूर होतंय. तुझ्या बहिणीचं निलंबन उद्या सकाळी मी स्वतः मागं घेतो. काही बिघडत नाही.”

मी दोन दिवस मागितले. वाचन मोडायचं की नाही हे मला अजून ठरवता येत नव्हतं, आणि हे तुला खरं खरं सांगितलंच पाहिजे. दोन दिवस मी न्यायमंडळाचं कलम वाचत बसलो होतो. ते मी लिहिलंय. चांगलं आहे, ताई. त्या घड्याळाकडं बघणाऱ्या माणसासाठी लिहिलंय.

आणखी एक सांगायचं राहिलंय, ते सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. तुला अजून वाटत असेल की सौद्याची कल्पना वकीलसाहेबांची. ती माझी होती. तुझं दोन तारखेचं पत्र मला चारला मिळालं, बैठकीला जाताना. बोलणी अडकली होती. त्यांना द्यायला आमच्याकडं काही नव्हतं. तुझं पत्र खिशात होतं, आणि त्यातला आकडा मी टेबलावर ठेवला. एका गावात दोन हजार सातशे शहाऐंशी, म्हणालो, देशभर किती होतील मोजा, आणि ही मतं तुम्हाला मिळणार नाहीत. ही पहिल्या निवडणुकीपुरती बाजूला ठेवली तर न्यायालयं द्याल? मला कोणी विचारलं नव्हतं. त्यांना आकडा माहीतच नव्हता. मास्तरांनी माझी पाठ थोपटली, आणि ती थाप मला दिवसभर छान वाटत होती. परिशिष्टातलं अकरावं नाव हे त्याचं बक्षीस.

काल, अठ्ठावीसला, अर्ज घेऊन खोलीत गेलो. भरलेला मजकूर खोडला. खाली लिहिलं: ‘हरकत नाही. मी त्याच गावचा आहे.’ सही केली, आणि पेन परत दिलं. परिशिष्टातून माझं नाव काढावं असा दुसरा कागदही दिला. मास्तर काही फेकायला शोधत होते, पण खडू नव्हता. म्हणाले, “बहिणीच्या एका गावासाठी देशाची न्यायालयं घालवलीस!” मी म्हटलं, “बहिणीचं नाही मास्तर, माझं गाव. आणि ती माणसं तुमची नव्हती, माझीही नव्हती. आपण त्यांचा सौदा केला.” आवाज चढला होता माझा. तुरुंगातसुद्धा मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता.

वकीलसाहेब उठले. आभार मानून गेले. न्यायमंडळाचं कलम गेलं, निदान या अधिवेशनापुरतं. फौज काय करेल माहीत नाही. आज दुपारपर्यंत तरी काही केलेलं नाही. तुझं निलंबन कायम आहे आणि मला चिटणीसपदावरून काढलंय. म्हणजे आपण दोघंही बेकार. मास्तरांचं बरोबर ठरलं तर लोक आयुष्यभर मला शिव्या घालतील, आणि तेव्हा मी वाद घालणार नाही. पण तो कागद आज पुन्हा समोर आला तरी मी तेच लिहीन.

इथून निघायला दोन दिवस लागतील. तुझ्या पायरीची बातमी पसरली आहे. सात गावांच्या नोंदणी अधिकाऱ्यांनी जाहीर वाचनाचा नियम नक्की काय आहे ते विचारलंय. त्यांच्या याद्या अर्धवट आहेत, पण त्यांना त्या पुऱ्या करून वाचायच्या आहेत. नियमावलीच्या प्रती मिळत नाहीत, म्हणून मी हातानंच उतरवून पाठवतोय. पाच झाल्या, दोन राहिल्या.

सोमवारी घरी येतो. माझ्यावर हवं तेवढं ओरड, घसा सुटला असेल तर. पण मावशींना यातलं काही सांगू नकोस. गर्दीत माझ्यासाठी त्या ‘आहे’ म्हणाल्या, तेव्हा मी इथं बसून त्यांचं नाव विकत होतो. हे त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. सहा नंबरच्या बराकीत जाऊन, त्यांच्यासमोर उभं राहून, मीच सांगणार आहे.

तुझा धाकटा